अमेरिकेचा मंगळवार, आमचा बुधवार

"दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी दोन ते चार या वेळेत दवाखान्यातील सर्व संगणक बंद राहतील. कृपया सहकार्य करावे."

ही सूचना मी स्वतः टाइप केली, तिच्या तेवीस प्रती काढल्या आणि दवाखान्यातल्या प्रत्येक संगणकाशेजारी स्वतःच्या हातानं चिकटवल्या. दोन ओळींची साधी सूचना. तिच्यात एक चूक होती. व्याकरणाची नव्हे, कॅलेंडरची. आठ महिने ती कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. नवव्या महिन्यात ती एका बाळंतिणीच्या जिवावर बेतली.

माझी नोकरी नेमकी काय, हे लोकांना समजावून सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात मी सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते. नव्वदच्या दशकात लागले तेव्हा तिथं तीन संगणक होते आणि त्यातला एक बड्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये निव्वळ शोभेला होता. दवाखान्यात मला 'कंप्युटरच्या कांबळे मॅडम' म्हणत. आत्याला वाटायचं मी टायपिस्ट आहे, आणि तिचा टीव्ही बिघडला की ती मलाच बोलवायची. वडील महापालिकेत चावीवाले होते. रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलून लांब दांड्याची चावी फिरवायची आणि ठरल्या वेळी एकेका गल्लीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. त्यांना मात्र माझी नोकरी पहिल्या दिवशीच कळली. म्हणाले, "म्हंजे माझ्यासारखंच की. पाणी आलं तर कोण नाव काढत न्हाय. न्हाय आलं की सगळी गल्ली दारात."

आता थोडं कामाविषयी. संगणकाचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो एक मूळ प्रोग्रॅम. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कीबोर्डवर काय दाबलं, पडद्यावर काय दिसावं, कागद कुठल्या प्रिंटरवर छापावा, हे सगळं तोच बघतो. तो कोट्यवधी ओळींचा असतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या साध्या पांढऱ्या डब्याकडे बघत बसले होते. इतक्या ओळी, आणि सगळ्या माणसांनी लिहिलेल्या! मग त्यात चुका राहणारच. त्या चुकांच्या फटीतून कुणीतरी चोर आत शिरतो. तसं होऊ नये म्हणून ती सिस्टीम बनवणारी कंपनी दुरुस्त्या पाठवते. इंग्रजीत त्यांना पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळच. ते लावायचं, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं. याला अपडेट म्हणतात. माझ्या नोकरीतला मोठा भाग म्हणजे ही ठिगळं लावणं.

सुरुवातीला ती कधी येतात याला धरबंधच नव्हता. एखाद्या आठवड्यात तीन येत, मग महिनाभर सामसूम. आमच्यापर्यंत तर ती संगणकाच्या मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीवर पोचत, दोन-दोन महिने शिळी होऊन. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. आमच्या दवाखान्यात कोण कशाला चोरी करायला येईल, असं वाटे.

२००३ च्या ऑगस्टमध्ये हा समज मोडला. केसपेपरच्या खिडकीवरून फोन आला, "मॅडम, मशीन म्हणतंय साठ सेकंदांत बंद होणार." मी धावत गेले. पडद्यावर एक चौकट होती आणि तिच्यात आकडे उलटे मोजले जात होते. एकोणचाळीस, अडतीस, सदतीस. माझ्या हातात काहीच नव्हतं. शून्य झालं आणि मशीन गप्पकन विझलं. पुन्हा चालू झालं, पुन्हा मोजायला लागलं. तेवढ्यात लॅबमधून फोन, मग एक्स-रेतून. खिडकीपुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "बाई, आधी माझा पेपर काढा, मग त्येला मरू दे."

दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. जगभरात लाखो संगणक असेच मोजत-मोजत विझत होते. एकाच फटीतून, एकाच संगणकी जंतूमुळं. कुठल्या कुठल्या देशांतली ऑफिसं, आणि त्यांच्याबरोबर आमची केसपेपरची खिडकी. मला भीती वाटली हे खरं; पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं. मी ज्याला आमच्या दवाखान्याचा संगणक म्हणत होते, तो आमचा एकट्याचा नव्हताच. एका अफाट जाळ्याच्या टोकाचा तो एक धागा होता, आणि ते जाळं पलीकडं कुठंही हललं की आमच्याकडं थरथर पोचत होती.

आणखी एक गोष्ट कळली, ती लाजेची. त्या जंतूवरचं ठिगळ जवळजवळ महिनाभर आधीच आलेलं होतं. मी लावलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास कंपनीनं जाहीर केलं की यापुढं दुरुस्त्या वाटेल तेव्हा येणार नाहीत, महिन्यातून एकदाच येतील, दुसऱ्या मंगळवारी. जगभरच्या माझ्यासारख्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. मीही सोडला. तिकडं अमेरिकेत मंगळवार सकाळ असते तेव्हा आपल्याकडं मंगळवारची रात्र होते. म्हणजे दुरुस्ती आपल्या हातात येणार ती बुधवारी. मी कागदावर लिहिलं, दुसरा मंगळवार, म्हणजे आपला दुसरा बुधवार. नव्या वर्षापासून सूचना लागल्या.

दुपारी दोन ते चार ओपीडी रिकामी असायची, म्हणून ती वेळ धरली. सगळ्या तेवीस संगणकांना मी सांगून ठेवलं की दर बुधवारी दोन वाजता नवीन काही आलं असेल तर आपापलं लावून घ्या. काही आलेलं नसेल तर मशीन स्वस्थ बसतं. आलं असेल तर ते लावतं आणि स्वतःच बंद होऊन सुरू होतं. एकाच वेळी सगळी, एकही मागं राहणार नाही. ऑगस्टची लाज मला पुन्हा नको होती. या बंदोबस्ताचा मला फार अभिमान होता.

त्याच उत्साहात मी रक्तपेढीकडं वळले.

रक्तपेढीचे प्रमुख मगदूम सर. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले, पन्नाशीचे, आवाज असा की वरच्या मजल्यावरून खालच्या माणसाला फोनशिवाय बोलवावं. निगेटिव्ह गटाच्या रक्तदात्यांची यादी त्यांनी एका जाड रजिस्टरमध्ये ठेवली होती. निगेटिव्ह गटाची माणसं कमी, त्यातही ओ निगेटिव्ह फार कमी. हे रक्त पेढीत बहुधा नसतंच, वेळ आली की त्या माणसालाच बोलवून आणावं लागतं. त्यामुळं ती यादी म्हणजे रक्तपेढीचा जीव. रजिस्टरची पानं उंदरांनी कुरतडली होती, निम्मे पत्ते खोडलेले होते. मी महिनाभर बसून सगळी नावं संगणकात घातली. गट निवडला की त्या गटाची नावं, गावं, फोन नंबर, शेवटचं रक्तदान कधी, सगळं एका क्षणात पडद्यावर. मगदूम सरांनी तीनदा करून बघितलं आणि म्हणाले, "लई भारी केलंय, मॅडम."

मी म्हटलं, "आता ते रजिस्टर टाका रद्दीत."

त्यांनी ते कपाटात परत ठेवलं. आठवड्यानं टाकलं.

यादीची एक प्रत मी ऑफिसातल्या मुख्य संगणकावर ठेवली. दुसरी गगनबावड्याला. तिथं आमच्या ट्रस्टचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि मंगल सिस्टर तो एकहाती चालवत. घाटातून येणारे अपघाताचे पेशंट आधी त्यांच्याकडं यायचे. त्यांच्या टेबलावर एक जुना संगणक होता. पण पावसामुळं तिथली टेलिफोनची तार अशी, की माणसाचा आवाज कसाबसा जाई, संगणकाचं बोलणं जातच नसे. म्हणून महिन्यातून एकदा मी सीडीवर ठिगळं घेऊन एसटीनं जायची. त्या मशीनला वार-बुधवार काही नव्हता. मी पोचेन तो त्याचा अपडेटचा दिवस. आमच्या सगळ्या यंत्रणेत ते एकच मशीन मागं होतं आणि त्याची मला खंत वाटायची.

सप्टेंबर २००४. महिना बुधवारी सुरू झाला. दुसरा बुधवार आला आठ तारखेला. सूचनेप्रमाणं दोन वाजता सगळ्यांनी कामं थांबवली. मी मुख्य मशीनपुढं बसले. काहीच आलं नाही. अडीच, तीन, चार. लोक कुरकुरायला लागले. मगदूम सर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तुमची अमेरिका आज रजेवर हाय का?"

मला वाटलं, या महिन्यात काही नसेल. तसंही होऊ शकतं. मी सगळ्यांची माफी मागितली आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

पुढचा बुधवार पंधरा तारखेचा. गणपती तीन दिवसांवर आले होते. दोन वाजता मी डबा उघडला आणि समोरच्या मुख्य संगणकाचा पडदा निळा झाला. दुरुस्ती बसवत आहे, मशीन बंद करू नये. मी घास हातातच धरून बघत राहिले. आज कसं? मग फोन वाजायला लागले. लॅब, एक्स-रे, केसपेपर, औषधाचं दुकान. तेवीसच्या तेवीस मशीनं मी सांगितल्याप्रमाणं, एकही मागं न राहता, एकाच वेळी कामाला लागली होती. कुणालाच आधी कळवलेलं नव्हतं.

पाचवा की सहावा फोन मगदूम सरांचा. त्यांचा आवाज या वेळी मोठा नव्हता. "मॅडम, जरा खाली या. लगेच या."

मी जिना उतरून गेले. रक्तपेढीत स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टर इनामदार उभ्या होत्या, अंगावर ऑपरेशनचा हिरवा झगा. पन्हाळ्याच्या बाजूची एक बाई होती, पहिलटकरीण. मुलगी झाली होती. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. पेढीत एक पिशवी होती ती लावलेली. शहरातल्या दुसऱ्या पेढीतून एक निघाली होती. बाकी सगळीकडं फोन झाले होते, नव्हतं.

"अजून किमान एक पिशवी हवी, आणि लवकर," डॉक्टर म्हणाल्या. "यादी काढा."

यादीचा पडदा निळा होता. त्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती. रक्तपेढीचं मशीन सगळ्यात जुनं. त्याला पाऊण तास लागणार हे मला बघताक्षणी कळलं. एक प्रत मुख्य संगणकावर होती, पण तोही निळा.

मगदूम सरांनी भिंतीवरच्या प्लगकडं हात नेला. "ओढू का वायर? बंद करून चालू करू."

"नको, सर!" मी ओरडलेच. "मध्ये तोडलं तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं राहील. मग कदाचित चालूच होणार नाही. आज नाही, उद्याही नाही."

"मग करायचं काय? रजिस्टर तर तुमीच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आजतागायत त्यांनी ते पुरं केलेलं नाही, आणि मला ते रोज पुरं ऐकू येतं.

त्यांना दोन नावं तोंडपाठ होती. एक माणूस पुण्याला राहायला गेला होता. दुसऱ्यानं तीन आठवड्यांपूर्वीच रक्त दिलं होतं. बाहेर बाकावर त्या बाईची सासू बसली होती. मला बघून म्हणाली, "व्हईल न्हवं बाई काय तरी?" मी मान हलवली. कशाच्या जोरावर हलवली, माहीत नाही.

तेव्हा गगनबावडा आठवलं.

तिकडचा फोन तिसऱ्या वेळी लागला. पलीकडं पावसाचा आवाज इतका, की मंगल सिस्टर पन्हळीखाली उभ्या राहून बोलताहेत असं वाटावं. मी म्हटलं, "सिस्टर, कंप्युटर चालू करा."

"लाइट न्हाय मॅडम. सकाळधरनं न्हाय."

"खाली तो काळा डबा आहे ना, बॅटरीचा? त्याचं बटण दाबा."

खुडबुड ऐकू आली. मग टुक, टुक असा आवाज. बॅटरीचा डबा लाइट नसली की असा ओरडतो. त्यात दहा मिनिटांचा जीव असतो. संगणक सुरू व्हायला त्यातली चार गेली. मी इकडून एकेक शब्द सांगत होते आणि त्या तिकडं एकेक चित्र शोधत होत्या. पिवळी पेटी. ती दोनदा दाबा. आता गट विचारेल. ओ, त्याच्याशेजारी निगेटिव्ह.

"आली नावं!" सिस्टर ओरडल्या. "चार हायत."

मगदूम सर माझ्याशेजारी कागद-पेन घेऊन उभे. सिस्टर वाचत होत्या, मी मोठ्यानं म्हणत होते, ते लिहीत होते. टुकटुक भराभर व्हायला लागली. चौथा नंबर त्या वाचत होत्या. "...सात, तीन, आठ. कबनूर. दस्तगीर, यंत्रमाग कामगार. शेजारच्या दुकानाचा नंबर म्हणून लिव्हलंय." आणि टुकटुक एकदम थांबली.

"गेला मॅडम. विझला."

"चालेल, सिस्टर. झालं काम."

पहिल्या नंबरावर कुणी उचललं नाही. दुसरा बंद होता. तिसऱ्यावर एक बाई म्हणाल्या, ते मुंबईला गेलेत. चौथा मगदूम सरांनी लावला. पलीकडचा दुकानदार "थांबा, हाक मारतो" म्हणाला, आणि मग बऱ्याच वेळानं पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट घेऊन एक आवाज आला. सरांनी कोण, कुठून ते सांगितलं. पेशंटचं नाव सांगायला लागले तर तो म्हणाला, "नाव ऱ्हाऊ द्या. कवा पायजे?"

"आत्ताच्या आत्ता."

"आलो."

एवढंच. फोन ठेवला गेला.

कबनूरहून कोल्हापूर साधारण तीस किलोमीटर. तासाभराच्या आत एक सडसडीत माणूस रक्तपेढीच्या दारात उभा राहिला. कुणाची तरी फटफटी मागून आणली होती. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवरसुद्धा कापसाची पांढरी लव बसलेली. तो आत आला आणि स्वतःच बाही वर सरकवून कॉटवर आडवा झाला. सरांनी विचारलं, "पावणं, जेवलाय का?"

"व्हय, दुपारी भाकरी खाल्लीया. घ्या."

मी कोपऱ्यात उभी होते. पिशवी हळूहळू भरत होती. तो माणूस छताच्या पंख्याकडं बघत होता. मला एक सांगायला हवं. तो पोचण्याच्या आधीच रक्तपेढीचं मशीन नीट सुरू झालं होतं. पडद्यावर ती चार नावं ठळक दिसत होती, त्याचंही होतं. म्हणजे मशीनसाठी थांबलो असतो तर आमचा फोन अर्धा तास उशिरा गेला असता, इतकंच. मी नंतर डॉक्टर इनामदारांना विचारलं, अर्ध्या तासानं काय झालं असतं? त्या म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही. आणि तुम्ही विचारूही नका."

तपासण्या होऊन पिशवी वर गेली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला डॉक्टर खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "थांबला." मगदूम सरांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

दस्तगीर तोवर निघून गेला होता. चहासुद्धा घेतला नाही. "माग दुसऱ्याच्या हवाली करून आलोय," म्हणाला. दारातून वळून एवढंच बोलला, "काय झालं ते तेवढं कळवा."

दुसऱ्या दिवशी मी अधीक्षकांना लेखी कळवलं की चूक माझी होती. नेमकी कुठली, ते तोवर मलाही नीट उमगलेलं नव्हतं. दुसरा मंगळवार, दुसरा बुधवार, यात चुकलं काय? मी आणि मगदूम सर कॅलेंडर मध्ये ठेवून बसलो. त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो महिना बुधवारी लागला. मग पयला बुधवार एक तारीख. दुसरा बुधवार आठ. आणि मंगळवार? पयला सात, दुसरा चौदा. चौदाच्या दुसऱ्या दिवशी पंधरा. तुमचा दुसरा बुधवार त्येंच्या दुसऱ्या मंगळवाराच्या आधीच येऊन गेला की!"

मी कॅलेंडरची आधीची पानं उलटून बघितली. एरवी ही गडबड होत नाही. महिना बुधवारी सुरू झाला तरच होते. आधीच्या आठ महिन्यांत तसा एकही नव्हता.

सर म्हणाले, "आमची आई अष्टमी-चतुर्दशीचा उपास धरती. वार बघून न्हाय धरत. पंचांगात तिथी कवा लागती ते बघती, मग हितला वार कुठला का असंना. तुमी तिकडचा मंगळवार धरा आणि त्येच्या म्होरचा दिवस घ्या. आपला बुधवार मोजायचाच न्हाय."

पुढं मी अनेक शहरांतल्या माझ्यासारख्या लोकांना भेटले. मोठ्या शहरातली, मोठ्या पगाराची माणसं. त्यातल्या किती तरी जणांनी हाच 'दुसरा बुधवार' आपापल्या सूचनेत लिहिलेला होता. त्यांना मी मगदूम सरांच्या आईचा उपास समजावून सांगितला.

त्या पंधरा तारखेला आलेली दुरुस्ती कशावरची होती, हेही मी नंतर वाचलं. नुसतं एखादं छायाचित्र उघडून बघितलं तरी त्यातून चोर आत येऊ शकत होता. चित्राच्या आत! कुणीतरी कुठंतरी बसून, कोट्यवधी ओळींतून ती एवढीशी फट शोधली होती; दुसऱ्या कुणी ती शिवली होती; आणि ते शिवलेलं ठिगळ समुद्राखालून येऊन आमच्या जिन्याखालच्या रक्तपेढीतल्या मशीनला लागलं होतं. आमचा दिवस त्यानं हादरवला. पण ते लागलं नसतं तर दुसरा कुठला दिवस कशानं हादरला असता, हे कोण सांगणार? मी त्या माणसांवर रागावू शकले नाही. चौकात उभं राहून कुणीतरी पलीकडून हात हलवावा आणि आपण तो आपल्यासाठी नाही असं समजावं, तसं माझं झालं होतं. हात मला हलवलेला होता, वार त्यांनी आधीच सांगितलेला होता. बघायला मी चुकले होते.

त्यानंतर मी सगळ्या मशीनना एकाच वेळी ठिगळ लावणं बंद केलं. रक्तपेढी शेवटी, बाकीची नीट झाल्यावर, मी स्वतः शेजारी उभी असताना. आणि मगदूम सरांपुढं एक कोरं जाड रजिस्टर नेऊन ठेवलं. यादी छापून त्यात चिकटवली होती. ते म्हणाले, "उंदरांस्नी सांगून ठिवतो."

दस्तगीरला कळवायचं राहिलं होतं. दोनदा फोन केला. दुकानदार निरोप देतो म्हणाला, पण मला खात्री वाटेना. शनिवारी गणपती बसले, सोमवारी सुट्टी टाकून मी इचलकरंजीची एसटी पकडली आणि कबनूरला उतरले. विचारत विचारत मागांच्या शेडपाशी गेले. पत्र्याची लांबट शेड, दोन्ही बाजूंना माग. आत पाऊल टाकलं आणि कानांत दुसरं काही उरलंच नाही. तो आवाज ऐकू येत नाही, अंगावर येतो. हवेत कापूस तरंगत होता. दस्तगीर मला टोकाला दिसला, दोन मागांमध्ये वाकून तुटलेला धागा जोडत होता. मी जवळ गेले. त्यानं ओळखलं.

मी ओरडून सांगितलं, "बाळंतीण बरी आहे! मुलगीही!"

त्यानं कानामागं हात धरला. मी पुन्हा ओरडले. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

त्यानं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. मग त्यानं आपला माग थांबवला. शेजारचा थांबवला. त्याचे चार माग थांबले तरी गोंगाट तसाच होता. तेव्हा तो मधल्या वाटेनं चालत गेला आणि एकेकाला खांद्याला हात लावून काहीतरी सांगत गेला. माणसं माझ्याकडं बघत आणि आपापली दांडी ओढत. एक माग थांबला, मग दुसरा, मग पलीकडची रांग. माग थांबला की मजुरी बुडणारी ती माणसं, पण कुणी का म्हणून विचारलं नाही. शेवटचा माग दारापाशी थांबला आणि सगळ्या शेडमध्ये अशी शांतता झाली की बाहेर एक कोंबडी कुठं तरी कुरकुरत होती तीही ऐकू आली.

दस्तगीर परत माझ्यापाशी आला. सगळे त्याच्यामागं उभे राहिले.

"हां," तो म्हणाला. "आता सांगा."